पुलावरचं गिधाड आणि ताईचा ब्लेझर

डॅलसहून विमान सुटलं तेव्हा माझ्या बॅगेत बेसनाचे लाडू, एक कडक इस्त्रीचा ब्लेझर आणि परतीची दोन तिकिटं होती. एक माझं, दुसरं मिहिकाचं. मिहिका ही डॅलसजवळच्या फ्रिस्कोत राहणाऱ्या माझ्या ताईची मुलगी. इथेच जन्मली, इथेच शिकली आणि आता ॲरिझोनाच्या कड्यांवर कॉन्डोर (अमेरिकेतलं अजस्र गिधाड) सांभाळते. ताईला हे काम मुळीच पसंत नाही. तिने फ्रिस्कोतल्या एका कंपनीत परस्पर मुलाखत ठरवली आणि नाशिकहून पाहुणी आलेल्या मला मोहिमेवर धाडलं.

"तुझं ऐकते ती. घेऊनच ये तिला," ताईने बजावलं. मला गिधाडं बघायला मिळणार होती, म्हणून मी एका पायावर तयार झाले.

विमानतळाबाहेर मिहिका धुळीने माखलेल्या ट्रकला टेकून उभी होती. "मावशी, डोन्ट हग मी! सकाळीच मेलेलं वासरू वर नेलंय, कॉन्डोरना खायला." मी तरीही मिठी मारली आणि मग वाटभर खिडकी उघडी ठेवली.

काय तो रस्ता! दोन्ही बाजूंना लाल कडे आणि मैलोन्‌मैल माणूस नाही. तारेच्या खांबावर लाल शेपटीचा ससाणा बसला होता. पुढे मिहिकाने करकचून ब्रेक दाबला. "लुक, गोल्डन ईगल!" सोनेरी गरुड आमच्या डोक्यावरून गेला आणि मी चाळिशी सांभाळत लहान मुलीसारखी ओरडले.

वाटेत नवाहो या तिथल्या आदिवासी जमातीतल्या एका आजींच्या टपरीवर फ्राय ब्रेड (जाडसर, फुगलेली पुरी) खाल्ला, वर मध घालून. आजींनी मिहिकाला विचारलं, "सहा नंबर सापडला?"

"नाही अजून," मिहिका म्हणाली आणि तिचा चेहरा पडला.

ट्रकमध्ये बसल्यावर तिने सगळं सांगितलं. कॉन्डोर संपत आले होते. उरलेसुरले पकडून पिंजऱ्यात त्यांची पिल्लं वाढवली आणि ती पुन्हा कड्यांवर सोडली. सहा नंबरला तिनेच भरवलं होतं, हातात गिधाडाच्या तोंडाची बाहुली घालून, स्वतः पडद्याआड लपून. आता काही दिवस त्याच्या पंखावरच्या ट्रान्समीटरचा सिग्नलच येत नव्हता. शिकाऱ्याने टाकलेल्या मांसात शिशाची गोळी असली, की ते खाऊन हे पक्षी मरतात.

"मावशी, इंटरव्ह्यूचं नंतर बोलू या? प्लीज." ब्लेझर मागच्या सीटवरच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नवाहो पुलावर गेलो. खाली खोल दरीत हिरवी कोलोरॅडो नदी. मिहिका अँटेना फिरवत होती, मी दुर्बीण. "आला, आला!" मी एकदम किंचाळले. सगळे पर्यटक धावले. तो डोमकावळा निघाला. लोक हसले आणि मी दुर्बीण मुकाट्याने मिहिकाला देऊन टाकली.

एवढ्यात पुलावरून एक सावली सरकली. आधी आवाज आला, पिसांतून वारा कापत जाणारा, आणि मग तो दिसला. पंख एवढे, की आमच्या नाशिकच्या घराच्या दारात मावले नसते! पंखावर बिल्ला, बिल्ल्यावर सहा.

"ही इज अलाइव्ह!" मिहिकाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मी फोन काढून शूटिंग सुरू केलं.

सहा नंबर थेट कठड्यावर उतरला. एका पर्यटकाने कौतुकाने त्याच्यापुढे चिप्स धरले आणि तो टुणटुण उड्या मारत जवळ येऊ लागला. मिहिका टाळ्या पिटत धावली, "हुश्श! हाड! हाड!"

मी चकितच झाले. लहानपणी सुट्टीत ती नाशिकला आली, की मी तिला गच्चीवर कुरडयांची राखण करायला बसवायचे. कावळे हाकलायला शिकवलेले शब्द तिच्याजवळ अजून होते.

"अहो, माणसाळलाय बिचारा," तो पर्यटक इंग्रजीत म्हणाला.

"तीच तर भीती आहे," मिहिकाही इंग्रजीतच उत्तरली. "माणसांची सवय लागली, तर तो जगणार नाही."

सहा नंबर मान वाकडी करून तिच्याकडे बघत राहिला. ती रडत होती आणि आणखी जोरात ओरडत होती. अखेर त्याने पंख पसरले, दरीत झेप घेतली आणि वर वर जात लाल कड्यांपलीकडे दिसेनासा झाला. माझी मोहीम तिथेच बारगळली. मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

परत आले तेव्हा डॅलसच्या विमानतळावर ताई माझ्या मागे बघत होती. "एकटीच?"

घरी आल्यावर तिने माझी बॅग उघडली. ब्लेझर तिने कपाटात टांगला आणि दार आपटलं. मी तिच्यासमोर फोन धरला. आधी तिने तोंड फिरवलं, मग फोन हातात घेतला. कठड्यावर गिधाड बसलेलं, मिहिका ओरडतेय आणि ते हलायला तयार नाही.

"अगं, ते जात का नाही?" ताई पुटपुटली. मग तिचाही आवाज चढला, "हुश्श! जा रे! जा ना!"

गिधाड उडालं. ताईने व्हिडिओ पुन्हा लावला, पुन्हा बघितला आणि ओढणीने डोळे पुसले.

"तिथे थंडी कधी पडते गं?" तिने विचारलं. "तिला एक जाड जाकीट पाठवायला हवं."