कव्हरवाले सर

आमच्या भूगोलाच्या सरांइतका निकामी समुपदेशक अख्ख्या वाशीम जिल्ह्यात सापडायचा नाही. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणत असे आणि ते मान डोलावून "बराबर हाय" म्हणत. अकरावी-बारावीच्या मुलांसाठी शाळेत समुपदेशक नेमा असा वरून आदेश आला, आणि बैठकीच्या दिवशी एकटे हेच रजेवर असल्यामुळे त्यांची एकमताने निवड झाली. प्रशिक्षणात 'डोळे मिटा, मन शांत करा' म्हटल्यावर ते जे झोपले ते थेट चहाला उठले. समुपदेशन कक्षात त्यांनी तीन मोडके पृथ्वीगोल आणि स्वतःची छत्री ठेवली. मूल रडत आलं तर काय झालं म्हणून ते कधीच विचारत नसत. त्याच्या हातावर मूठभर फुटाणे ठेवत, एक चिठ्ठी लिहीत आणि त्याला माझ्याकडे, म्हणजे ग्रंथालयात, पिटाळत. चिठ्ठीत एवढंच असे, आकडा तेवढा बदले: 'याच्याकडून पाच पुस्तकांना कव्हर घालून घेणे.'

मुलांची कव्हरं वाकडी होत, डिंक टेबलभर पसरे. एकदा मी चिडलो. "सर, तुमचं काम माझ्या माथी कशाला?"

"हात गुतले का तोंड मोकळं होते, भाऊ."

"आणि मी काय बोलू त्यांच्याशी?"

"तुमी काईच बोलत नाही, म्हणून त तुमच्याकडं धाडतो. मी पडलो बडबड्या."

आणि खरंच, शेलूबाजारच्या एका दुकानदाराचा मुलगा चौथ्या पुस्तकाशी म्हणाला की त्याला डॉक्टर व्हायचंच नाही, पण घरी सांगायची छाती होत नाही. मी फक्त "घडी नीट घाल" म्हणालो. पाचवं पुस्तक संपवून तो शीळ घालत गेला. चिठ्ठीतल्या आकड्यांचं गणित मला हळूहळू उमगलं. पोर फुटाणे कसं खातं यावरून सर न विचारताच दुखणं ताडत. चाचणीत नापास असेल तर पाच, घरी भांडण असेल तर दहा, प्रेमभंगाला पंधरा, आणि त्यात एक जाड शब्दकोश. तपासणीला आलेल्या साहेबांनी कोरी नोंदवही पाहून विचारलं, "किती विद्यार्थ्यांचं समुपदेशन केलं?" सर शांतपणे म्हणाले, "लायब्ररीत चाला साहेब, कव्हरं मोजून घ्या."

दिवाळीनंतरच्या एका शुक्रवारी किन्हीराजा गावची बारावीतली मुलगी चिठ्ठी घेऊन दाराशी उभी राहिली. माझी पुस्तकांची पडताळणी चालू होती, जमिनीवर सगळीकडे गठ्ठे होते. मी चिठ्ठी न उघडता टेबलाच्या खणात टाकली. "आज नाही. सोमवारी ये."

"बरं सर," ती म्हणाली. थोडा वेळ उभी राहिली आणि गेली.

सोमवारी ती आली नाही. आईबाप ऊसतोडीला निघाले होते. रविवारी गाडी आली आणि तिलाही घेऊन गेली. वर्गातल्या मुलींकडून हे कळलं तेव्हा मी खण उघडला. चिठ्ठीत आकडा होता शंभर.

सर दुपारच्या एसटीने तिच्या गावी जाऊन आले. घराला कुलूप होतं. संध्याकाळी ते माझ्यासमोर बसले. बोलणी बसतील म्हणून मी वाट पाहत होतो. त्यांनी एक पुस्तक ओढलं आणि कागद कापायला घेतला.

"तिनं फुटाने बी घेतले नाही, भाऊ. मले काई समजलं नाही, म्हणून शंभर लिहिले. चार-पाच कव्हरं झाली असती त तुमच्यापाशी बोलली असती. मी तवाच तिच्या मामाकडं गेलो असतो, पोरीले परीक्षेपर्यंत ठेवून घ्या म्हनलं असतं." मग त्यांनी कागदाची कड दुमडली, डिंक लावला. "सोमवार लय दूर असते," ते म्हणाले, आणि पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "घ्या. माह्यंबी वाकडंच झालं."

त्यानंतरही त्यांच्या चिठ्ठ्या येत राहिल्या. ती मुलगी मात्र आली नाही. मागच्या उन्हाळ्यात सर वारले, आणि समुपदेशन कक्षात आता नवे संगणक आहेत.

त्या शुक्रवारी आमच्याकडे कव्हर नसलेली शंभर पुस्तकं नव्हतीच. नंतर सुट्टीत मी एकटा बसलो आणि शंभर पुस्तकांची धडधाकट कव्हरं काढून टाकली. खालच्या फळीवर ती उघडीच उभी आहेत. चिठ्ठी लिहिणारं कुणी उरलं नाही. पण दाराशी कुणी उगाच घुटमळलं की मी हातातलं काम खाली ठेवतो, आणि काही न बोलता कात्री पुढे करतो.