फ्रिजखालची आग

गुरांचा डॉक्टर म्हणून माझी पहिली नेमणूक झाली ती फिरत्या पथकावर. एक जीप, एक तंबू, एक ड्रायव्हर आणि रॉकेलवर चालणारा फ्रिज, एवढाच आमचा संसार. बुळकांडीची लस थंड ठेवल्याशिवाय टिकत नसे आणि उमरखेडच्या आतल्या भागात तेव्हा विजेचा खांबही नव्हता. जीपच्या बॅटरीवर तंबूतला एक दिवा कसाबसा लागे, फ्रिजचा भार तिला कुठून झेपणार?

या फ्रिजपेक्षा जावयाचे नखरे परवडले. जरा कलला की चालत नसे, म्हणून त्याच्यावर ताटलीत पाणी ठेवून मी त्याच्या पायांखाली दगड सरकवत बसायचो. खाली रॉकेलची टाकी, वात आणि ज्योत. ज्योत निळी असली की आत बर्फ धरायचा, पिवळी होऊन काजळी धरली की थंडी ओसरायची. आगीवर थंडी कशी तयार होते हे मला पुस्तकातून माहीत होतं. दुसऱ्याला समजावून सांगायचा मात्र कंटाळा होता.

वैशाखात बंजाऱ्यांच्या एका तांड्याजवळ मुक्काम पडला. नाल्यापलीकडच्या गावात बुळकांडी शिरली होती, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी अख्ख्या तांड्याची गुरं टोचायचं ठरलं. तांड्यात एक म्हातारी विधवा होती. सगळे तिला याडी, म्हणजे आई, म्हणत. तिची एकच बैलजोडी होती. शेती त्या जोडीवर आणि जीवही तिच्यावरच. दुपारी ड्रायव्हरला घेऊन मी पलीकडच्या गावात निघालो, तेव्हा फ्रिजपाशी याडीला बसवलं. "आतली थंडी गेली तर लस गेली. पेटी कोणी उघडायची नाही," एवढंच बजावलं.

दिवेलागणीआधी परतलो, तर याडी फ्रिजवर ओलं पोतं टाकून पदरानं वारा घालत होती. ज्योत विझलेली. आत बर्फाचं पाणी झालेलं आणि लसीच्या कुप्या कोमट.

"तू गेलता डाक्तर, अन् ही आग बेवारस जळून राह्यली होती," ती समाधानानं म्हणाली. "थंड ठेवाच्या पेटीखाली आग काहून? मी इझवली."

बैलांवर माल लादून गावोगाव फिरायचे दिवस तांड्यानं मागे टाकले होते, पण त्या वाटेवरचा एक नेम सुटला नव्हता. गुरांजवळ राखणदाराशिवाय आग ठेवायची नाही. हे मला पुढे कळलं. त्या वेळी माझं डोकंच फिरलं. "तुमच्या एका फुंकरीनं तांड्याची गुरं मरणार," असं मी चारचौघांत बोलून गेलो.

"मंग माह्ये बैल?" तिनं विचारलं. मी कुप्या खड्ड्यात पुरल्या आणि ड्रायव्हरला यवतमाळला पिटाळलं.

तो नवी लस घेऊन आला तिसऱ्या दिवशी. तोवर याडीचा एक बैल गेला होता. मी ओरडलो त्याच्या दुसऱ्याच सकाळी बैलाच्या तोंडात फोड दिसले होते, हगवण लागली होती. म्हणजे रोग आधीपासूनच अंगात मुरलेला होता, लस शाबूत असती तरी तो वाचला नसता. हे मला तेव्हाच कळलं होतं, पण लाजेनं मी तोंड उघडलं नाही.

नवी लस ठेवून ज्योत लावली. याडी न बोलावता आली आणि वाऱ्याकडे पाठ करून, पोत्याचा आडोसा धरून बसली. उरलेला बैल टोचायला आणला तेव्हाही जागची हलली नाही.

मग मात्र मला राहवलं नाही. तिच्यापुढे उकिडवा बसून सगळं सांगितलं. बैल तुमच्यामुळे गेला नाही, मीच नको ते बोललो, म्हणालो.

"माह्या मनासाठी सांगून राह्यला तू," ती म्हणाली. ज्योतीवरची नजर तिनं काढली नाही. "आग राखजो, एवढंच सांगतलं असतं, तर राखली असती, बापू. जनमभर दुसरं काय केलं मी?"