चंद्राचा नमुना आणि गवई सर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. इतकी वर्षं ओठांवर आलं की गिळलं.

एकोणसत्तर साल. माणूस चंद्रावर जाऊन आला होता. अकोल्याच्या एका शाळेत मी विज्ञानाचा मुख्य शिक्षक, गवई सर माझ्या हाताखाली. दर्यापूरकडचे, छप्पन साली बौद्ध झालेल्या घरातले. पाठीमागे आम्ही त्यांना ‘नमुना’ म्हणायचो — कारण दिवसभर त्यांच्या तोंडी एकच, चंद्राचे नमुने! अमेरिकेनं आणलेले ते दगड-माती इतर देशांच्या शास्त्रज्ञांनाही देणार, मुंबईच्या एका प्रयोगशाळेतही थोडे येणार, हे वाचल्यापासून माणूस हरखून गेला होता. आम्ही हसायचो. अमेरिका काय उगीच देते? रशियाला खिजवायचं, झालं!

गवई सर चिडत नसत. लहानपणी मास्तर त्यांच्या हातात खडू देत नसत, वरून टाकत — हे त्यांनी एकदाच, सहज सांगितलं होतं. या वाटपाचं त्यांना एवढं अप्रूप का, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. नाही कळलं.

त्यांनी त्या प्रयोगशाळेला इंग्रजीत पत्र लिहिलं. आम्हाला रोज विचारायचे तोच प्रश्न — “हा गोटा वापस करा लागते काय?”

उत्तर आलं. टपाल आधी माझ्या टेबलावर येई. लिफाफ्यावर नाव त्यांचं होतं — फोडला मी. लिहिलं होतं, नमुना अभ्यासापुरता, मग कण न् कण परत. जे कळेल ते मात्र साऱ्या जगाला खुलं. एकमेकांवर डोळे वटारणाऱ्या या जगात असंही होऊ शकतं? अंगावर काटा आला माझ्या. आणि हे विचारायचं सुचलं कुणाला — आमच्या नमुन्याला! खाली एक ओळ होती. प्रश्न आवडला, नमुना पाहायला या. सोबत त्यांच्या नावाचा पास.

मग मी काय केलं? — मीच गेलो. भाचीच्या लग्नाची थाप मारून. दारावरच्या माणसानं विचारलं, गवई सर ना? मी हो म्हणालो. ज्यांच्या डब्यातला घास मी कधी घेतला नव्हता, त्यांचं नाव मात्र बिनदिक्कत लावलं.

काचेआड तो होता. बोराएवढा, काळपट. आपल्याकडे विहीर खोदताना निघतो ना, अगदी तसा. माझे डोळे भरून आले. हेही खरं आहे.

ते पत्र घरी माझ्या पेटीच्या तळाशी ठेवलं. अजून तिथंच आहे. गवई सर मात्र म्हणत राहिले, “त्यायले हजार पत्रं येत असतीन सर. आपल्याले कायले उत्तर देतीन?” राग नाही, काही नाही. वर्गात दोन्ही हातांची ओंजळ करून सांगायचे — असा, आपल्या शास्त्रज्ञायच्या हातात दिला अमेरिकेनं.

एक दिवस ते घरच्या विहिरीतला काळा दगड रुमालात बांधून घेऊन आले. मुलांना दाखवायला. आधी माझ्या टेबलावर ठेवला.

“सर, असाच असन का हो तो?”

मी दगडाकडे पाहिलं. म्हणालो, “काय माहीत.”