ताराबाईचा आवाज, जुन्या युनिक्सवर

नवा प्रोग्राम चालत नाही म्हणून कॉम्प्युटर भंगारात देणारे तुम्ही; तेलंगणाच्या सीमेवरच्या बेला गावच्या बाबाराव दुर्गेला वेडा म्हणायचा हक्क तुम्हाला कोणी दिला?

कापसाच्या जिनिंगात कारकुनी केलेला माणूस. जिनिंगनं टाकून दिलेली, युनिक्स नावाच्या जुन्या प्रणालीवर चालणारी मशीन त्यानं घरी आणली, पुस्तकं चाळून तिचं पोट समजून घेतलं. तेवढ्यात बायकोच्या, ताराबाईच्या, घशात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं, जीव राहील, आवाज जाईल.

आवाज धरून ठेवायचा, तर मोबाईलमध्ये नुसती घरघर यायची. घरघर काढून टाकणारा एक नवा प्रोग्राम होता. पण तो अशी कामं मागायचा, जी जुन्या युनिक्सला ठाऊकच नव्हती. मग बाबारावनं दोघांच्या मधे एक लायब्ररी, म्हणजे दुभाष्यासारखा छोटा प्रोग्राम, लिहिली. नव्यानं मागायचं, लायब्ररीनं ते जुन्याला जमेल तसं करून घ्यायचं. एका मागणीचा अर्थ मात्र त्याला लागेना. तिथं त्यानं आपली सीमेवरची सवय वापरली. मंडल ऑफिसात, म्हणजे तिथल्या तहसिलीत, साहेब तेलुगूत विचारतो, आपण न समजता "अवुनु, अवुनु", म्हणजे हो, हो, करत मान हलवतो, काम पुढं सरकतं. लायब्ररीलाही त्यानं तेच शिकवलं: काही करू नको, फक्त 'झालं' म्हण.

आणि प्रोग्राम चालला!

"बोल ना, तारा."

"काऊन? मी काय रेडिओ हाय? माह्यापक्षा त्या डब्ब्याशीच जास्त बोलता तुमी."

"कायबी बोल. शिव्या दे."

"त्या तं रोजच भेटते तुमाले."

मग ती बोलत राहिली. हैदराबादच्या लेकीला, अर्पिताला, हाका मारल्या, मधेच हसली. बाबारावनं लगेच लावून ऐकलं. स्वच्छ आवाज. त्यानं समाधानानं मशीन बंद केली.

ऑपरेशन झालं. घरी आल्या आल्या ताराबाईनं खुणेनं सांगितलं, लावा. फाईल नव्हतीच. तो प्रोग्राम आवाज आधी कच्च्या जागी ठेवायचा, पक्क्या जागी त्याची नक्कल करायला सांगायचा, आणि 'झालं' ऐकलं की बंद होताना कच्चा पुसून टाकायचा. नक्कल करायची मागणी, हीच ती न कळलेली.

बाबाराव भिंतीला टेकून खाली बसला. "म्याच घालवला वं तुहा आवाज."

तिनं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. गळ्याच्या भोकातून नुसता वारा आला.

ताराबाई भीमजयंतीला गायची. बेल्याच्या जयंतीचा एखादा जुना व्हिडिओ तुमच्या मोबाईलात असेल, तर पुसू नका. बाबारावला पाठवा. घरघर असली तरी चालेल.