लाह्या द्यायला भाऊ नव्हता

माझ्या नवऱ्याने सख्ख्या बहिणीचं लग्न चुकवलं.

आजारी नव्हते. परगावी नव्हते. इथेच, कलकत्त्यात होते.

एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. सासरे आधीच गेलेले. शकूला बाप म्हणा, भाऊ म्हणा, हेच.

लग्नाच्या सकाळी नारळ कमी पडले, म्हणून हे सियालदहच्या बाजारात निघाले.

"आत्ता आलो."

यांचं 'आत्ता' मला आणि शकूला ठाऊक होतं. पण आजच्या दिवशी तरी, असं वाटलं.

मुहूर्त थांबला नाही. अक्षता पडल्या. पुढे होमात लाह्या द्यायला आणि नवऱ्यामुलाचा कान पिळायला भाऊ लागतो. शेजारचे बिमलबाबू उभे राहिले.

"कितना ज़ोर से?" त्यांनी घाबरत विचारलं.

सगळा मांडव हसला. शकू नाही हसली.

पंगत उठताना हे आले. पिशवीत नारळ, चेहरा खुललेला. वाटेत ट्रामचा दांडा तारेवरून निसटला होता. तो परत कसा बसवतात, ते बघत राहिले होते.

"या! हात धुवायला बरोबर पोचलात," यांचे काका म्हणाले.

यांनी मला हळूच विचारलं, "अजून वेळ आहे ना गं?"

थट्टा नव्हती. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

शकूचं सासर बागबाजारला, ट्रामच्या वाटेवरच. सासू येता-जाता ऐकवायची, "तुझ्या भावाला फुरसत नव्हती हो." शकूने माहेर तोडलं.

दर भाऊबीजेला हे सकाळीच अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून शकूची वाट बघत बसायचे. वर्षातला तेवढाच एक दिवस वेळेवर तयार.

दुपार कलली की सदरा काढून ठेवायचे.

हे गेल्यावर नातीने मोबाइलवर एडीएचडी नावाच्या दुखण्याबद्दलचा एक लेख वाचायला दिला. मग मिळेल ते वाचत गेले. अशा माणसाला वेळ सरकलेला जाणवतच नाही म्हणे. समोर आहे ते आत्ता, बाकी सगळं नंतर.

ओळ न् ओळ यांचीच.

शकूला फोन केला. सगळं सांगितलं.

"वहिनी, त्याच्या दुखण्याला नाव मिळालं. मला त्या दिवशी भाऊ मिळाला का?"



आज यांचं वर्षश्राद्ध. शकू आली नाही. येणारही नाही.

अहो, आता तयार होऊन बसू नका.

नमस्कार करते.