बांगड्या उतरवून शिकलेला डाव

मुंशीनं बाईचा हात धरला होता आणि बाई सरळ मागं ओढत होती. नेमकं हेच करायचं नाही असं मामानं आम्हाला शिकवलं होतं. मी तळ्याच्या पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, खालून ओरडले, "बाई, ओढू नको! अंगठ्याकडं फिरव!"

ती ओरडली, "बांगड्या वं!"

बाई म्हणजे माझी मोठी बहीण. तिचं सासर नागझिऱ्याच्या जंगलाला लागून. उन्हाळ्यात सगळं गाव पहाटे तेंदूपानं तोडायला जाई आणि दुपारी पुडे बांधून बोडीच्या पाळीवर मुंशीपुढं मांडी. बोडी म्हणजे शेतीचं तळं. तेव्हा ती आटलेली होती, आतले दगड उघडे पडले होते. मुंशी म्हणजे पुडे मोजून घेणारा ठेकेदाराचा माणूस. बायकांचे पुडे नापास करायचा आणि त्यांना झोपडीत बोलवायचा.

त्या दिवशी बाईला म्हणाला, "चल, अंदर चल. वहाँ पास करता हूँ."

बाई म्हणाली, "तुया मायले ने अंदर."

तेव्हा त्यानं हात धरला. गावातली माणसं तिथंच होती. ती आपापले पुडे चाळत राहिली.

आमचा मामा लढाई संपल्यावर पलटणीबरोबर जपानात राहून आला होता. तिथल्या एका माणसाकडून तो काही डाव शिकला. आता माझी नात तसलंच शाळेत शिकते, त्याला आयकिडो म्हणतात. बाईच्या लग्नाआधी मामानं आम्हा दोघींना परसात उभं केलं आणि तिचं मनगट धरलं.

"काऊन वं, बैलावानी ओढून काऊन राहिली? तुयापेक्षा जोर त्याच्यात जास्त हाय. तो ओढते न, त त्याच्याकडंच जा, बाजूनं. अंगठा अन् बोटं मिळते तिथं मूठ कच्ची राहते. तिथून हात काढ."

बाई म्हणाली, "मामा, तुमच्यासारखा टकला धरन काय मले?"

"टकले बी धरते, केसवाले बी धरते. फिरव!"

करंगळी पकडून मूठ कशी सोडवायची तेही त्यानं शिकवलं. पडायची वेळ आली तर हनुवटी छातीला लावायची, हे भाताच्या तणसाच्या ढिगावर पाडून पाडून शिकवलं. काच लागेल म्हणून आधी बांगड्या उतरवायला लावी. आम्ही कुमारिका, आम्हाला त्याचं काही नव्हतं. बांगड्या घालून तो डाव करून पाहावा, असं आमच्या तिघांपैकी कोणालाच सुचलं नाही.

त्या उन्हाळ्यात भाऊजी तापानं अंथरुणाला खिळले होते. म्हणून तर मी बाईच्या मदतीला आले होते. सासू रोज बाईचे हात बघायची. सवाष्णीची बांगडी फुटली असं आमच्याकडं म्हणतसुद्धा नाहीत, वाढली म्हणतात. मुंशीनं बांगड्यांच्या वरून धरलं होतं. हात काढायचा तर सगळ्या त्याच्या मुठीत चिरडणार. नवरा मरणाला टेकलेला असताना बाई ते करणार नव्हती. म्हणून ती ओढत होती आणि तो तिला झोपडीकडं नेत होता.

मी पाळ चढले, मुंशीची करंगळी पकडली आणि उलटी मोडली. डाव बरोबर लागला. तो किंचाळला आणि त्याची मूठ सुटली. बाईनं सगळं अंग मागं टाकलेलं होतं. ती तशीच पाळीवरून खाली दगडांवर गेली. हनुवटी छातीला लावायला तिला वेळ मिळाला नाही.

मी तिला सोडवलं नसतं तर काय झालं असतं तेही मला ठाऊक आहे. त्यावर मी जास्त विचार करत नाही.

सासू धावत आली. तिनं डोकं पाहिलं नाही, हात पाहिले. दोन्ही हातांवर नुसती फुटकी काच होती. ती तशीच उलटी घराकडं पळाली, मुलगा आहे की गेला ते बघायला.

मुंशी म्हणाला, पाय घसरला. गावानंही तेच सांगितलं. पुढच्या उन्हाळ्यात पाळीवर तोच बसला होता आणि बायका त्याच्यापुढं पुडे मांडत होत्या.

बैलगाडीनं तिरोड्याच्या दवाखान्यात नेताना बाई वाटेतच गेली. भाऊजी जगले, मुंशी जगला आणि मी जगले.