टोपलीतून आलेला चंद्रोदय

देव संकटात धावून येतो असं कोणी सांगितलं, की मी आदराने ऐकतो. पण ज्यांच्याकडे तो धावला नाही त्यांचं काय, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. आजही गेलेला नाही. तरीही नेपल्समधल्या त्या रविवारी जे घडलं, ते जसंच्या तसं लिहावंसं वाटतं.

माझी थोरली बहीण आणि मी नाशिकहून तिच्या लेकीकडे गेलो होतो. भाची तिथे शिकते. दुसऱ्या दिवशी तिची शेवटची परीक्षा होती, म्हणून तिला अभ्यासाला मोकळं सोडून आम्ही दोघं जुनं शहर पाहायला निघालो. समुद्राकडून वर चढणाऱ्या गल्ल्या अशा अरुंद, की समोरासमोरच्या गॅलऱ्यांतले वाळत घातलेले कपडे एकमेकांना टेकत होते. एका चर्चच्या दर्शनी भागात त्याहून कितीतरी जुन्या देवळाचे दोन खांब तसेच उभे होते. देव बदलला, खांब कामावरच राहिले, याचं मला फार नवल वाटलं. कोपऱ्याकोपऱ्यावर भिंतीत काचेआड लहान देवळ्या होत्या. आत मूर्ती, दिवा, ताजी फुलं. ताई प्रत्येकीपुढे थांबून हात जोडत होती.

"अगं, कोणाची आहे ते तरी बघ."

"कडेवर मूल आहे ना? मग आईच कोणाची तरी. पुरे झालं!"

दुपारी मी खायला थांबलो, तेव्हा ती नुसतं पाणी प्यायली. "तू गिळ. मला भूक नाही," म्हणाली. मी आणखी विचारलं नाही. परतताना एका चढावर ती पायरीवर बसली. अंगाला दरदरून घाम सुटला होता, हात कापत होते, शब्द नीट जुळत नव्हते. तेव्हा कुठे तिच्या तुटक बोलण्यातून कळलं. त्या दिवशी संकष्टी होती. घरी ती साबुदाण्याची खिचडी खाऊन उपास करते. या वेळी लेकीच्या परीक्षेसाठी तिने काहीच न खाण्याचा नेम धरला होता. मधुमेहाची गोळी मात्र सकाळी न चुकता घेतली होती.

साखर उतरते आहे हे मला समजलं. गल्लीतली दुकानं बंद, माझ्या पिशवीत गोड काही नाही, फोन लागेना. मदत शोधायला जावं, तर ती एकटी पडणार. मी तिचे हात धरून बसलो आणि मनात एवढंच म्हणालो, "गणराया, मला काही सुचत नाही."

तेवढ्यात डोक्यावर काहीतरी खरखरलं. वरच्या गॅलरीतून एक म्हातारी दोरीने टोपली खाली सोडत होती. टोपलीत संत्र्याच्या सरबताची बाटली होती आणि साखरेच्या पुड्या.

मी बाटली ताईच्या तोंडाशी नेली, तर तिने मान फिरवली. "चंद्र... उगवला नाही अजून."

"नाशिकला उगवला, ताई! भारत साडेतीन तास पुढे आहे. तुझा गणपती नाशिकचाच ना?"

तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "तुझा हिशेब... आयुष्यात पहिल्यांदा कामाला आला," असं पुटपुटली आणि घोट घोट प्यायली. हळूहळू हातांचा कंप थांबला. मग तिने वर पाहून हात जोडले. म्हातारीने एका बोटाच्या टोकावर टोचल्याची खूण केली आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला. तिलाही तोच आजार होता. आमच्याकडे पाहताच तिने ओळखलं असणार.

म्हणजे घडल्या गोष्टीचं कारण मला तिथल्या तिथेच मिळालं. पूर्वी असं कारण सापडलं, की मी देवाचा विषय मिटवून टाकायचो. त्या दिवशी तसं करावंसं वाटलं नाही. तिचा आजार, तिची गॅलरी, त्या क्षणी तिचं खाली पाहणं, यांतलं काहीही मी जुळवलेलं नव्हतं. मी फक्त थकून हात टेकले होते, आणि मदतीला जागा झाली होती. त्याबद्दल त्या माउलीचे आणि गणरायाचे आभार मी वेगवेगळे मानू शकत नाही.

राहता राहिला तो चंद्रोदय. ताईला नाशिकची वेळ सांगताना मी घड्याळ पाहिलं नव्हतं, पंचांगही पाहिलं नव्हतं. तिथे तेव्हा खरोखर चंद्र वर आला होता की नाही, हे मला माहीत नाही. पडताळून पाहणं अगदी सोपं आहे. मी पाहिलेलं नाही.